गडग्यावरचं झबलापुराण

"ऐकलंस काय गो? कोपऱ्यावरच्या दुकानदाराक दंड झालो. पाच हजार!"

पलीकडच्या काकींचा आवाज आधी येतो, मागोमाग चिऱ्याच्या गडग्यावर त्यांचे दोन कोपर येतात आणि शेवटी काकी. वेंगुर्ल्यात वर्तमानपत्र सकाळी येतं, पण बातमी कळते ती दहाच्या सुमारास, गडग्यावर. काकींची मालवणी मी इथे जरा सौम्य करून लिहिते आहे. तिच्यातले काही शब्द छापण्याजोगे नसतात.

तर झालं असं. प्लास्टिकबंदीचं पथक दुकानात शिरलं. दुकानदार म्हणाला, "पिशव्या? छे हो, आमच्याकडे केव्हाच्याच बंद." साहेब मान डोलावून बाहेर पडले. थोड्या वेळाने साध्या शर्टातला एक माणूस आला, त्याने अर्धा किलो साखर मागितली आणि डोकं खाजवत म्हणाला, "पिशवी विसरलो की हो." दुकानदाराचा हात सवयीने तांदळाच्या पोत्यामागे गेला आणि झबला बाहेर आला. दोन बंदांची ती पातळ पिशवी, तिला व्यापारात झबलाच म्हणतात. तोंडाने इतकं सांभाळलं, हाताने घात केला.

"आता पुढच्या खेपेला १० हजार," मी म्हटलं. "आणि तिसऱ्यांदा सापडला तर २५ हजार आणि वर तीन महिने."

"तीन महिने? साखरेच्या पिशवीपायी? मगे त्येच्या बायलेन काय करूचा?"

"दुकान चालवायचं. तशी आताही तीच चालवते."

हे काकींना इतकं पटलं की त्या दोन मिनिटं दुसऱ्याच विषयावर गेल्या. तो विषय इथे नको.

२०१८ चा पाडवा आठवतो ना तुम्हाला? त्याच सुमाराला राज्याने बंदी जाहीर केली, २३ मार्चला अधिसूचना निघाली आणि तीन महिन्यांची मुदत संपून २३ जूनपासून दंड सुरू झाला. काय ती धास्ती! लोक उशीचे अभ्रे घेऊन भाजीला गेले. काकींच्या दिराने टॉवेलात बटाटे बांधून आणले. मिठाईवाला लाडू कागदात देई आणि तुपाने कागद आरपार दिसू लागे. मग पाऊस लागला, आणि पावसाबरोबर भीतीही हळूहळू वाहून गेली. आधी औषधाच्या दुकानात, मग मासळीबाजारात, मग हातगाडीवर, झबला एकेका पायरीने परत आला. पूर्वी तो काउंटरवर लटकत असे, आता पोत्यामागे बसतो, एवढाच काय तो सुधार.

काकींचं म्हणणं असं की सरकारला पिशवी बंद करायचीच नाही, फक्त जाड करायची आहे. ह्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. १९९९ च्या केंद्राच्या नियमात पिशवी किमान २० मायक्रॉनची हवी होती. २०११ साली ४० झाली, २०१६ साली ५०. मग सप्टेंबर २०२१ अखेरपासून ७५ आणि २०२२ च्या वर्षअखेरपासून १२०. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आता बाजारात भाजीवालीने तो कशाने मोजायचा? बोटांनी?

"जाड पिशवी म्हणजे प्लास्टिक जास्त की कमी?" काकींनी विचारलं. सत्तरी उलटलेल्या बाईने गडग्यावर टेकून विचारलेला हा प्रश्न मला तरी बिनतोड वाटला.

उत्तर असं की पिशवीमागे जास्त, पण पिशव्या कमी पडाव्यात अशी अपेक्षा. जाड पिशवी महाग, म्हणून दुकानदार ती फुकट देणार नाही. गिऱ्हाईकही पैसे मोजून घेतलेली फेकणार नाही. आणि तिसरं कारण कचरा वेचणाऱ्या बायकांचं. पाच ग्रॅमचा झबला धरला तर एक किलो भरायला दोनशे झबले वाकून वाकून गोळा करायचे, तेही चिखलाने, आमटीने भरलेले. कोण करील? म्हणून पातळ पिशवी कोणी उचलत नाही. ती गटारात जाते, नाहीतर गुरांच्या पोटात. गाय पिशवी फाडून आतलं शिळं अन्न खात नाही, पिशवीसकट गिळते. ते पुढे सरकतही नाही आणि मागेही येत नाही. जनावरांचे डॉक्टर पोट फाडून किलोच्या किलो गोळे काढतात. बाहेरून गाय भरल्या पोटाची दिसते आणि आत उपाशी मरते.

"मुंबैक २६ जुलैक काय झाला ता काय मी विसरलंय?" काकी म्हणाल्या. २००५ च्या त्या महापुराच्या दिवशी काकींचे झील कुर्ल्याला अडकले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत इथे फोन लागेना. पाणी तुंबायला बरीच कारणं होती, मिठी नदीचा गळा आवळलेला होताच. पण तुंबलेल्या गटारांतून जो माल निघाला त्यात पिशव्या इतक्या होत्या की पुढच्याच वर्षी राज्याने ५० मायक्रॉनखालच्या पिशव्यांवर बंदी आणली. केंद्राला तिथवर यायला आणखी दहा वर्षं लागली. नियम करण्यात आपण कधी मागे नसतो.

आता हे सगळं ज्याच्यामुळे झालं त्याची कुळकथा मी काकींना सांगितली. स्वीडनमधल्या स्टेन गुस्ताफ थुलिन नावाच्या अभियंत्याने हा झबला काढला. त्याच्या कंपनीला १९६५ साली त्याचं पेटंट मिळालं. कशासाठी काढला? तर कागदी पिशव्यांपायी झाडं तोडली जातात म्हणून! त्याच्या मुलाने पुढे सांगितलं की बाबा स्वतः पिशवी घडी करून खिशात ठेवायचे, पुन्हा पुन्हा वापरायचे. लोक ती एकदा वापरून टाकून देतील हे त्यांच्या मनातही नव्हतं.

"बापडो," काकी म्हणाल्या. "तेका बाजारात धाडूक होयो होतो आधी. लोकांका वळाखलो असतो."

मासळीचा प्रश्न मात्र खरा कठीण आहे, आणि शहरातल्या भाषणांत तो कधी येत नाही. कोथिंबीर कागदात येते, कांदे कापडात येतात. पण ओले बांगडे? कापडी पिशवीतून पाणी गळतं, रिक्षाची सीट ओली होते, रिक्षावाला दुसऱ्या दिवशी तुम्हाला बघून वेग वाढवतो. पूर्वी पानात गुंडाळून द्यायचे, टोपलीत टाकून घरी. आता टोपली घेऊन बाजारात जाणारी बाई दिसली तर लोक तिचा फोटो काढतात.

काकी ॲल्युमिनियमचा झाकणाचा डबा नेतात. चांगला रुंद तोंडाचा, एका बाजूला चेपलेला, कडीला सुतळी बांधलेली. कडी तुटली त्याला आता बरीच वर्षं झाली. कोळणी आधी हसायच्या. आता काकी दिसल्या की "डब्याची म्हातारी इली" म्हणून जागा करून देतात. आणि काकींनी त्यात आपला फायदाही पाहून ठेवलाय. पिशवी वाचली म्हणून एक बांगडा वर टाक, असा त्यांचा आग्रह असतो. पर्यावरणाची ही मोजणी कुठल्या अहवालात सापडायची नाही, पण बाजारात ती चालते. मागच्या महिन्यात आणखी दोघीतिघी डबा घेऊन यायला लागल्या, आणि काकी त्यांच्यावर नाराज आहेत. वरचा बांगडा आता वाटला जातो ना!

इथे माझं एक मत मांडून ठेवते. आपल्या बाजारात झबला टिकलाय तो गरजेपेक्षा भिडेमुळे. पिशवी नाही म्हटलं तर दुकानदाराला वाटतं गिऱ्हाईक तुटलं. पिशवी नको म्हटलं तर गिऱ्हाइकाला वाटतं आपण चिक्कू दिसलो. दोन केळ्यांना एक झबला, आणि त्या झबल्याला आणखी एक झबला, हा आपल्याकडे पाहुणचार आहे. दंडाने धाक बसतो, भीड जात नाही. भीड जाते ती अशीच, गडग्यावर, कोण काय म्हणतं ह्याच्या धास्तीने.

पटत नसेल तर आमच्याच गावाचं बघा. रामदास कोकरे इथे मुख्याधिकारी असताना घराघरातून कचरा वेगवेगळा मागायला सुरुवात झाली. ओला, सुका, प्लास्टिक, काच-धातू, सगळं निरनिराळं. काकींनी पहिल्या आठवड्यात त्यांना ज्या शिव्या दिल्या त्याही छापण्याजोग्या नाहीत. चार डबे ठेवायला जागा कुठे, आणि आमच्या केराशी सरकारला काय करायचं? पण झालं काय, मिसळलेला कचरा गाडीवाला उचलेना. डबा तसाच दारात राहायचा. आणि दारात राहिलेला डबा म्हणजे आख्ख्या वाडीला आमंत्रण! कोणाच्या डब्यात काय निघालं ह्याची चर्चा पाणवठ्यापर्यंत. शाकाहाराची व्याख्यानं देणाऱ्या एका घरच्या डब्यात कोंबडीची हाडं निघाली, ती गोष्ट अजून ताजी आहे. त्या धास्तीने महिन्याभरात जी शिस्त लागली ती पाच हजारांच्या दंडाने आयुष्यात लागली नसती.

गावातल्या कॅम्प भागातल्या कचरा डेपोजवळून पूर्वी नाकाला पदर लावून जायचो. आता तिथे झाडं आहेत, आणि बाहेरगावची माणसं तो बघायला येतात. काकींच्या मुंबईच्या सुनेने तिथे फोटो काढून घेतले, तेव्हा काकींना काही सुचेना. "कचऱ्याच्या जाग्यार उभी रवान हसता!" तिथेच प्लास्टिक बारीक करून ते डांबरी रस्त्यांसाठी वापरलं गेलं. ही युक्ती मूळची मदुराईच्या त्यागराजर इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन ह्यांची. तापवलेल्या खडीवर प्लास्टिकचा चुरा टाकायचा, तो वितळून खडीला लपेटतो, मग डांबर. खडीला पाणी धरत नाही, डांबर सुटत नाही, खड्डे कमी. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली, म्हणजे आपल्याकडे बंदी आली त्याच वर्षी.

"मगे आपलो रस्तो कित्याक फुटता?" काकींनी विचारलं. ह्यावर मी गप्प बसले. सगळेच रस्ते काही प्लास्टिकचे नाहीत, आणि गडग्यावरून रस्त्यांचा विषय सुरू झाला की जेवणाची वेळ टळते.

खरा मासला पुढे आहे. काकी परवा लग्नाहून एक पिशवी घेऊन आल्या. पांढरी, कापडासारखी मऊ, वर वधूवरांची नावं लाल अक्षरांत. "बघ, कापडाची! शिकली सवरली माणसा." मी म्हटलं, काकी, ही कापडाची नव्हे. त्यांना राग आला. मग आम्ही प्रयोग केला. पिशवीची एक चिंधी आणि काकींच्या जुन्या सुती पदराची एक चिंधी, दोन्ही गडग्याच्या चिऱ्यावर ठेवल्या. काकींनी काडी ओढली. पदर धूर सोडत जळला, मागे राखाडी भुगा राहिला. फुंकर मारली तर उडून गेला. पिशवीची चिंधी आधी आकसली, कडा आत वळल्या, मग एक काळा थेंब झाला आणि चिऱ्याला चिकटला. अजून तिथेच आहे, नखाने निघत नाही.

तर ही न विणलेली पिशवी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, तेही प्लास्टिकच. चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा हलकी असली तर ३० सप्टेंबर २०२१ पासून केंद्राच्या नियमाने तिलाही मनाई आहे. झबल्याने नुसता वेष पालटला, आणि आपण त्याला आहेराबरोबर घरात घेतलं. तीच गत त्या हिरव्या "विघटनशील" पिशव्यांची. खऱ्याखुऱ्या कंपोस्ट होणाऱ्या पिशवीवर प्रमाणपत्राचा क्रमांक छापलेला असतो, आणि तीसुद्धा मोठ्या प्रकल्पातल्या तापमानालाच नीट कुजते. परसातल्या माडाच्या आळ्यात टाकून ठेवली तर पुढच्या गणपतीला जशीच्या तशी भेटेल. नुसता हिरवा रंग आणि पानाचं चित्र कोणीही छापून देतं.

"मगे सगळा कापडाचाच घेवचा," काकी म्हणाल्या. तर तेही इतकं सोपं नाही, ही पुढची पंचाईत. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली हिशोब मांडला. कापूस पिकवायला, पाणी द्यायला, विणायला, रंगवायला जे लागतं ते धरून, सुती पिशवी त्यांच्याकडच्या दुकानी प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायची तर नुसत्या हवामानापुरती ५२ वेळा वापरायला हवी. बाकी सगळे परिणाम जमेला धरले तर ७,१०० वेळा. रोज बाजार केला तरी साडेएकोणीस वर्षं!

काकींनी मनातल्या मनात गणित केलं. मग घरात गेल्या आणि एक पिशवी घेऊन आल्या. सासूबाईंच्या नऊवारीची, आतून अस्तर दुसऱ्याच लुगड्याचं, बंद दोनदा बदललेले, तळाला ठिगळ. सासूबाईंना जाऊन तीस वर्षं झाली. पिशवी त्यांनीच शिवलेली. "जा सांग तुझ्या त्या डेनमार्काक." साडीचं देणं साडीनेच आयुष्यभर फेडलेलं, वर पिशवी म्हणून ही दुसरी पाळी. डेन्मार्कच्या हिशोबात जुनी साडी नव्हती, त्याला ते तरी काय करणार?

अडचण आहे ती नव्या कापडी पिशव्यांची. प्रत्येक सत्कार, शिबिर, उद्घाटन, सगळीकडे पिशवी. चाकरमानी गणपतीला येताना चारचार आणतात, जाताना सोडून जातात. काकींच्या माळ्यावर एका बोचक्यात अशा पिशव्याच पिशव्या आहेत, आणि बाजारात जाताना हातात एकही नसते, कारण बोचकं माळ्यावर. बचत गटातल्या बायका जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून देतात, हे त्यातल्या त्यात शहाणपणाचं. शिलाईचे पैसे गावात राहतात. पण त्यांचीही तक्रार अशी की साड्या द्यायला लोक उदार, पिशव्या विकत घ्यायला मुठी बंद.

आणि मग समुद्र. पावसाळ्यात उधाण येतं तेव्हा किनाऱ्यावर रेषेने पडलेला माल बघावा. चपला, बाटल्या, थर्माकोलचे तुकडे आणि वाळूत अर्ध्या पुरलेल्या पिशव्या, ओढाव्या तर फाटतात. इथून जवळच वायंगणीला थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, गावातली माणसं रात्री जागून ती अंडी राखतात. पाण्यात तरंगणारा झबला कासवाला जेलीफिश वाटतो. राखण किनाऱ्यावर करता येते. समुद्रात कोण बसणार जागत?

जेवणाची वेळ होत आली होती, पण काकींचा मुख्य मुद्दा राहिलाच होता. त्या दुधाच्या पिशव्या जमवतात. त्यातही त्यांची पद्धत आहे. कोपरा कापताना तुकडा पूर्ण सुटू द्यायचा नाही, जरासा चिकटलेला ठेवायचा. कारण तो नखाएवढा त्रिकोण एकदा सुटला की कोणाच्या हाती लागत नाही, थेट मोरीतून गटारात. मग पिशवी उभी चिरायची, उलटी करून धुवायची आणि माजघराच्या लादीवर चिकटवायची. वाळली की आपोआप गळून पडते. दुधाची पिशवी चांगल्या पॉलिथिनची, तिचा दाणा होतो, त्या दाण्याच्या पुन्हा वस्तू होतात. म्हणून भंगारवाला ती वजनावर घेतो. पण स्वच्छ आणि कोरडी असली तरच. आंबूस वासाची त्याला नको, आणि वेफर्सची चकचकीत पिशवी तर मुळीच नको. तिच्यात प्लास्टिकला धातूचा थर चिकटवलेला, तो सुटा करणं परवडत नाही.

"माका एक सांग," काकी म्हणाल्या. "२०१८ साली तेंनी सांगितला होता ना, दुधाची पिशवी परत दिली तर ५० पैसे?"

सांगितलं होतं खरं. दुधाच्या पिशवीवर परत घेण्याची किंमत छापायची, ती ५० पैशांपेक्षा कमी नसावी, असं त्या अधिसूचनेतच होतं.

"मगे माझे पैसे खंय?"

काकी रोज दोन पिशव्या घेतात. त्यांनी बोटांवर हिशोब सुरू केला: दिवसाचा रुपया, वर्षाचे ३६५, आणि वर्षं किती झाली ती तूच सांग. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भंगारवाल्याची हाक आली. त्याने गठ्ठा तराजूत टाकला, काकींनी तराजूचा काटा निरखला, त्याने भाव सांगितला, काकींनी तो ऐकून गठ्ठा परत काढून घेतला. "सरकाराकडून माझो हजारांचो हिशोब येवचो आसा, आणि हो माका चाराण्यांत गुंडाळता!" भंगारवाला माझ्याकडे बघू लागला. मी दोरीवरचे कपडे काढायला वळले. गडग्यापलीकडे घासाघीस चालूच होती. भाव सव्वा रुपयाने वाढला आहे असं मला आत जाताजाता ऐकू आलं, पण काकी अजून ऐकत नव्हत्या.